पोट, पाच रुपये

तलवाडा, ता. गेवराई
सोमवार, ४ ऑगस्ट २००३

ती. सरूआत्यास,
विशाखाचा जयभीम.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की जुलै महिन्यात केंद्रावर एकतीस बायका पोट दुखतं म्हणून आल्या आणि कंबरेच्या फक्त बारा. टँकरच्या पाण्यानं असं होतं का, असंही विचारलं होतं. ते बरोबर नाही. पोटाच्या एकतीस पावत्या फाटल्या, एवढंच खरं आहे. पोट किती जणींचं दुखत होतं हे मला सांगता येत नाही. तू शेजारी कुणाला पाण्याबद्दल बोलली असशील तर त्यांनाही सांग.

हे कसं झालं ते नीट लिहिते. विमलबाईंनी आमची महिला सहकारी संस्था काढली आणि नवऱ्याच्या, आबासाहेब मुकादमांच्या, रिकाम्या खोलीत मालीश केंद्र सुरू केलं, हे तुला माहीत आहे. दुष्काळामुळं बायका रोजगार हमीवर खडी फोडायला जातात, संध्याकाळी अंग धरून येतात. कामाला तोटा नाही. पण दर कसे लावायचे हे मला कुणीच शिकवलेलं नाही. तू कधी ज्वारी घ्यायचीस, कधी वाटीभर तेल, कधी नुसतंच "बस, चहा घे" म्हणायचीस. संस्थेत फळ्यावर दर लिहावे लागतात.

मी तीन गोष्टी धरल्या. वेळ, तेल आणि माझे अंगठे. दिवसात सहापेक्षा जास्त कंबरा केल्या तर दुसऱ्या दिवशी मला तेलाची वाटीसुद्धा धरवत नाही. म्हणून कंबर-पाठ पंधरा रुपये. मान-खांदा दहा, पाय दहा. पोटाला तेल लागत नाही आणि आजी व तू पोटाचं कधीच काही घेत नव्हतात, म्हणून तिथं मी शून्य लिहिलं. विमलबाई म्हणाल्या, "शून्याची पावती फाडता येत नाही गं. ऑडिटवाला मला विचारील." मग पाच लिहिलं.

आता गंमत ऐक. चकलांब्याच्या बायनाबाई आल्या. फळा वाचून घेतला, "पोट" म्हणाल्या आणि सरळ पालथ्या झोपल्या.

मी म्हटलं, "मावशी, पोट ना?"

"पोटच की. पोटाच्या मागं काय असतंय? कंबर. मंग मागून दाब."

बाकीच्या बायका हसल्या आणि मीही हसले. त्या दिवसापासून सगळ्यांनाच पोट झालं. मी कंबर दाबते आणि पाच रुपये घेते. पाच घेतले म्हणून पावतीवर पोट लिहिते, आणि पावतीवर पोट म्हणून रजिस्टरमध्ये नाव, वय यांच्या पुढच्या ‘तक्रार’ या रकान्यातही ‘पोटदुखी’ लिहिते. पैसे आणि पावती जुळायलाच हवी. मी एक रुपयाही इकडचा तिकडे केलेला नाही. तरी मनाला लागून राहिलं आहे. पोटाचे पंधरा केले तर जिचं खरंच दुखतं तिच्यावर अन्याय. पाचच ठेवले तर माझ्या अंगठ्यांवर. तू सांग, योग्य दर काय?

दादा बरे आहेत, बहिणीला जयभीम सांग म्हणाले. आबासाहेबांच्या बोअरवर मोटार तेच चालवतात आणि वस्तीला घरटी चार हंडे वाटून देतात. विमलबाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. रजिस्टर पाहायला म्हणून दोन दिवस घरी नेलं होतं.

तुझी,
विशाखा

लिंबागणेश
९ ऑगस्ट २००३

विशे,
जयभीम. तुजं पत्र मिळालं. मी बरी हाय. लेक, जावई बरे हायत. पाऊस न्हाई.

म्या शेजारी कुणाला काय सांगितलं न्हाई. एकतीस पोटं आन बारा कंबरा वाचून मी तवाच हसले व्हते. तलवाड्याच्या बाया खडीचं घमेलं काय पोटावर उचलतात व्हय? आगं येडे, दोन भाव लिवून ठिवले की बाई सस्त्यातलं दुखणं सांगणारच. तिची काय चूक.

भाव लावायचा तर हाताचा लाव. अर्धा घंटा हात चालला, धा रुपये. आंग कुठलं बी आसू दे. म्हंजी बाईला खोटं बोलाया नको आन तुला खोटं लिवाया नको.

आन पोट फळ्यावरून पुसून टाक. मपल्या मायनं बहात्तरच्या दुष्काळात बायांचे खांदे चोळले. सांच्याला कामावरून आल्या की रांग लागायची. खांद्याला चतकोर भाकर घ्यायची ती. पोटाला हात लावला तर काय घ्यायची न्हाई. म्हणायची, हे रिकामंच हाय, ह्याचं म्या काय घेऊ? तवापून आपल्यात पोटाचं घेत न्हाईत. ते सरकारी ऑडिटवाल्याला काय कळायचं.

आता मी इचारते त्याचं उत्तर दे. मालीशच्या रजिस्टरात तक्रारीचा रकाना कावून हाय? बाईचं वय कावून लिवता? आन ते रजिस्टर इमलबाईनं घरी कावून नेलं? घर तिचं एकटीचं न्हाई, आबासाहेबाचं बी हाय.

आंगठे मिठाच्या पाण्यात शेक.

तुजी आत्या,
सरू

तलवाडा
गुरुवार, २१ ऑगस्ट २००३

ती. आत्यास जयभीम.

उत्तराला उशीर झाला. आधी इथं ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. वेळ होता. काय लिहावं ते कळत नव्हतं.

तू सांगितलेला एकच दर मला फार पटला. अर्ध्या तासाला दहा. मी विमलबाईंकडे जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाचामुळं तर गर्दी जमली आणि तूच ती पळवून लावतेस का? राहू दे पोट." मग पोट तसंच राहिलं आणि ऑगस्टमध्ये अजून पावत्या फाटल्या. मी तेव्हाच हट्ट करायला हवा होता. केला नाही.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी दोनांचं उत्तर माहीत आहे. रजिस्टर मी आखलेलं नाही, विमलबाईंनी छापील आणलं. वय आणि तक्रार हे रकाने त्यात आधीच होते. रजिस्टर या आठवड्यातही त्यांच्या घरी जाऊन आलं, तरी तिसरा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. भीती वाटली.

आता नवी गोष्ट. संस्थेच्या दारावर मोठा कागद लागला आहे. रविवारी, चोवीस तारखेला, महिलांची मोफत तपासणी. शहरातून खासगी डॉक्टर येणार, सोनोग्राफीची गाडी येणार. खाली अडतीस नावं आहेत, या बायकांनी यायचंच. मला आधी आनंद झाला. गरीब बायकांना घरबसल्या डॉक्टर मिळतो आहे, असं वाटलं.

मग बायनाबाईंनी माझ्याकडून यादी वाचून घेतली. त्यांचं नाव दोनदा होतं. त्या दारातच ओरडल्या, "आगं, मला काय दोन पोटं हायत व्हय? का एका पोटाला दोन डॉक्टर?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. जुलैच्या पानावर त्यांचं नाव मीच चुकून लागोपाठ दोन ओळींत, एकदा ‘बायना’ आणि एकदा ‘बायनाबाई’ असं लिहिलं होतं आणि खोडायला विसरले होते. यादीत ते तसंच्या तसं आलं होतं. बाकी नावंही माझ्याच क्रमानं होती. त्यात कंबरेची पावती घेतलेल्यांपैकी एकही नव्हती. खांद्याची नव्हती. फक्त पोटाच्या.

शिवकन्याचंही नाव आहे. तुला आठवत असेल, आमच्याबरोबर सातवीपर्यंत होती, भामाबाईंची सून. तिला दोन वर्षांची मुलगी आहे. यंदा ती नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच आबासाहेबांच्या टोळीत ऊसतोडीला जाणार आहे. तिची कंबर खडीच्या घमेल्यानं धरते. जुलैत पाच वेळा आली, ऑगस्टमध्ये चार. नऊही वेळा मी ‘पोटदुखी’ लिहिलं आहे.

मी उगाच घाबरते आहे का? तपासणी तर चांगलीच असते ना?

तुझी,
विशाखा

लिंबागणेश
२५ ऑगस्ट २००३

विशे,
तुजं पत्र शनवारी सांच्याला हातात पडलं. रातीत तलवाड्याला येणं झालं न्हाई. म्हंजी काल तपासणी होऊन गेली आसंल.

उगाच घाबरत न्हाईस.

गेलेल्या बायांना डॉक्टरनं काय सांगितलं ते मला लिव. तुला काय वाटलं ते नको लिवू. त्यो काय बोलला त्येच लिव, एक शब्द बी बदलू नको. शिवकन्येला काय म्हणला ते आधी लिव.

तवर कुणाला कुठं जाऊ देऊ नको.

सरू

तलवाडा
सोमवार, १ सप्टेंबर २००३

ती. आत्यास जयभीम.

तू म्हणालीस तसं लिहिते. हे मी शिवकन्याकडून दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा सारखंच ऐकलं.

ती आत गेली तेव्हा डॉक्टरच्या टेबलावर कागद होते. त्यानं विचारलं, "पोट किती दिवसांपासून दुखतं?"

ती म्हणाली, "पोट न्हाई, कंबर."

त्यानं कागद पाहिला. "जुलैत पाच वेळा पोट. ऑगस्टात चार वेळा. नऊ वेळा पोट दाबून घेतलंस आणि मला सांगतेस कंबर?"

शिवकन्या मला म्हणाली, "मंग मी गप्प बसले. म्हणलं, त्याच्याजवळ लिव्हेल हाय म्हंजी आसंल पोट. मला काय कळतंय आतलं?"

मग सोनोग्राफी झाली. दोन मिनिटंही लागली नाहीत, असं ती म्हणते. डॉक्टर म्हणाला, "पिशवीला सूज आहे. आज ना उद्या कॅन्सर होणार. लेकरू झालंय ना एक? मग काढून टाक, कटकट संपली."

अडतीस म्हणजे खऱ्या सदतीस, बायनाबाई दोनदा आहेत. त्यांतल्या एकोणीस जणींना हेच सांगितलं. माझ्या माहितीत सगळ्यात मोठी एक्केचाळीसची आहे आणि सगळ्यात लहान शिवकन्या, तेवीसची. अठरा तारखेला, गुरुवारी, जीपा येणार आणि त्यांना शहरात नेणार. खर्च आबासाहेब आत्ता भरणार आणि कारखान्यावरच्या मजुरीतून वळता करणार. दसऱ्यानंतर टोळी निघते. त्या एकोणीस जणींपैकी सोळा त्याच टोळीत आहेत. हे मी मोजलं आणि मग पुन्हा मोजलं.

आत्या, शिवकन्यानं काल शाळेच्या पायरीवर बसून मला विचारलं, "पिशवी काढली की पुन्हा लेकरू होतच न्हाई ना गं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मला वाटलं व्हतं कारखान्यावरून आल्यावर अजून एक होऊ द्यावं."

मी तिला अजून सांगितलेलं नाही की ‘पोट’ मी लिहिलं होतं. तिला वाटतं ते रजिस्टरात आपोआप आलं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. पोटाच्या पावत्यांपैकी काही खऱ्या होत्या. त्यांतल्या दोघींचं पोट मी दाबलं तेव्हा माझ्या हाताला काहीतरी ठीक लागलं नव्हतं. त्या एकोणिसांत त्या दोघीही आहेत. मी काही बोलले आणि त्यांनी दाखवायचंच सोडलं तर? मी डॉक्टर नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की कंबर कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं, आणि तेवढंही मी खोटं लिहिलं.

मी काय करू?

विशाखा

लिंबागणेश
६ सप्टेंबर २००३

विशे,
हे पत्र तीनदा लिवलं. साक्षरता वर्गात अक्षरं शिकवली, आसं कसं लिवायचं ते न्हाई शिकवलं.

तुला मी सांगितलं व्हतं, की मपल्या पोटात गाठ झालती म्हणून आपरेशन केलं. आन हातात वात आला म्हणून मालीश सोडली. दोन्ही खोटं. गाठ बीठ कायबी नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली मी सव्वीस वर्साची व्हते. तवा आबासाहेबाचा बाप तात्याबा टोळी न्यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तुला ठावं हाय. बाई पडली की कोयताच पडला, त्या दिसाचा खाडा. पाळीच्या टायमाला मी दोन दिस पडून ऱ्हायचे. तात्याबा पडवीत बसून म्हणला, "सरू, दर म्हैन्याला मपलं नुकसान करतीस. एकदाचं काढून टाक. तुला बी सुख, मला बी." लई मायेनं बोलला. त्याच्या कारभारणीनं मला ताटात लाडू दिला. मी लाडू खाल्ला आन हो म्हणले. मला कुणी धरून नेलं न्हाई, विशे. मपल्या पायानं गेलते.

टाके वाळायच्या आत मोळी उचलली. आधी वाटलं, बरं झालं, आता म्हैन्याची कटकट न्हाई. मंग तळपाय जळाया लागले. थंडीत बी घाम. हाडं आशी दुखायची जशी कुणी आतून किसतंय. दोन वर्सात आंगठा पाठीवर टिकंना. ज्या हातानं मी आडवं लेकरू सरळ केलतं, त्या हातानं मला पिठाचा गोळा दाबना झाला.

तू नऊ वर्साची व्हतीस तवा तुला जवळ बसवून शिकवलं. सगळे म्हणले, आत्याला भाचीचा लई लळा. लळा व्हता. पण मपल्या हातात ऱ्हाईना म्हणून तुपल्या हातात ठिवलं, हे खरं.

तुज्या त्या दोन बायांचं म्हणशील तर त्यांना सरकारी दवाखान्यात धाड, सोबत कुणी बी दे. त्यांचं वेगळं आन शिवकन्येचं वेगळं. दोन्ही एका जीपीत घालू नको.

बाकी तू काय करावं, मला सांगता येत न्हाई. हितं बसून "लढ" म्हणाया मपलं काय जातंय? तुज्या बापाच्या, बन्सीच्या हातात आबासाहेबाची मोटार हाय आन वस्तीच्या घशात त्याचं पाणी. तू बोललीस आन पाणी तुटलं तर सगळी वस्ती तुला बोल लावंल. न्हाई बोललीस तर कुणीच काय म्हणणार न्हाई. मला बी पंधरा वर्सं कुणी काय म्हणलं न्हाई.

शिवकन्येला मपलं खरं सांग. नाव घिऊन सांग. मला लाज न्हाई आता.

सरू

तलवाडा
रविवार, १४ सप्टेंबर २००३

ती. आत्यास,
विशाखाचा जयभीम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ते मी एकटीनं वाचलं. मग दादांना दाखवलं. ते वाचून बाहेर गेले आणि बराच वेळ मोटारीपाशी बसून राहिले. तुझ्या ऑपरेशनचं खरं कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

बुधवारी विमलबाईंकडे गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की रजिस्टरातल्या पोटाच्या बहुतेक नोंदी चुकीच्या आहेत, मी दुखणं पाहून नाही तर पैसे पाहून लिहिलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं?"

"नाही. पण डॉक्टरांनी जे वाचलं ते मी लिहिलंय."

"मग तू खोटं लिहिलंस."

"हो."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे बाहेर बोललीस तर उद्या कोण अंगाला हात लावू देईल तुला? वेडे, मी तुझ्या भल्याचं सांगते. बायकांनाच नको झालीय ती पिशवी. मी काय कुणाला दोरीनं बांधून नेते?" मग मला गूळ-शेंगदाणे दिले. मी घेतले नाहीत. पायरी उतरत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "वस्तीला पाणी पुरतंय ना गं? बोअर खाली खाली चाललंय म्हणतात."

गुरुवारी सकाळी दादांना निरोप आला, मोटार अर्धा तासच चालवायची. घरटी चारचे दोन हंडे झाले. वस्तीत कुणालाही कारण माहीत नाही. दादांना आणि मला माहीत आहे. रांगेत भांडणं झाली आणि एकीचा हंडा फुटला. मी तिथंच उभी होते.

त्या दोघींना मी शुक्रवारी सरकारी दवाखान्यात नेलं. एकीला औषध दिलं, दुसरीला पुन्हा बोलावलं आहे. त्यांचं आता कागदावर आहे आणि ते मी लिहिलेलं नाही, एवढं समाधान.

काल शिवकन्याच्या घरी गेले. तुझं सगळं सांगितलं, नाव घेऊन. आणि माझंही सांगितलं, ‘पोट’ मीच लिहिलं म्हणून. भामाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "हिला गिऱ्हाईक जायाची भीती पडलीय. पिशवी निघाली की कंबर दुखायची बंद होतीय, डॉक्टरच म्हणला. मंग हिच्या खोलीवर कोण कशाला जाईल? लागली सांगाया, आत्याचं असं झालं न तसं झालं."

शिवकन्या मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "माझ्या कानात सांगून काय उपेग न्हाई, विशाखा. डॉक्टर सगळ्यांसमोर बोलला. तू बी सगळ्यांसमोर बोल. मग मला सासूला आन नवऱ्याला म्हणता येईल, का लिव्हणारीच खोटं म्हणती, मी जीपीत बसत न्हाई. तू न्हाई बोललीस तर मला जावं लागंल." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सगळ्यांसमोर म्हणजे कुठं, हाच प्रश्न होता. दारोदार गेले तर प्रत्येक घरात एक भामाबाई आहे. आणि बायकांची नावं घेऊन, त्यांचं काय दुखतं ते पुरुषांपुढं वाचणं मला जमणार नाही. ते मी करणार नाही.

काल संध्याकाळी संस्थेची नोटीस आली. वार्षिक सभा आहे. मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणातच, म्हणजे गर्दी आयती मिळावी. चकलांब्याच्या सभासद बायकाही येणार आहेत. विषयपत्रिकेवर चौथा विषय असा आहे : ‘मालीश केंद्राच्या दरपत्रकास मंजुरी देणे. वाचन : कु. विशाखा बन्सी ओव्हाळ.’ नोटीस माझी विमलबाईंशी गाठ पडायच्या आधीच छापायला गेली असावी. त्यांना ती बदलून घेता आली नाही, किंवा त्यांना वाटलं असेल की मी गप्प बसेन. दुसरंच खरं असावं. मी आजवर गप्पच बसत आले आहे.

मी दहा रुपयांची सभासद आहे. विषयावर बोललेलं इतिवृत्तात लिहावं लागतं, हा नियम मी सहकाराच्या पुस्तिकेत पाहून घेतला. दर वाचताना ‘पोट, पाच रुपये’ इथं मी थांबणार आणि सांगणार की हा दर मी चुकीचा लावला. त्यामुळं बायकांनी कंबरेला पोट सांगितलं, आणि मला ते कळत असून मी रजिस्टरात पोटदुखी लिहिलं. जुलै-ऑगस्टच्या त्र्याहत्तर नोंदींपैकी चौसष्ट खोट्या आहेत. ज्या कागदावरून तपासणीला बोलावलं तो कागद खोटा आहे, आणि तो माझ्या हाताचा आहे. कुणाचंही नाव घेणार नाही. फक्त माझं घेणार. ज्यांना खरंच त्रास आहे त्यांनी सरकारी दवाखान्यात दाखवावं, मी सोबत येईन, हेही म्हणणार. चौसष्ट हा आकडा मी पावत्यांच्या स्थळप्रती पुढं घेऊन, प्रत्येक पाठ आठवून काढला आहे. तीन ठिकाणी शंका होती, त्या नोंदी मी खऱ्याच धरल्या.

हे ऐकून एकोणिसांपैकी किती थांबतील, सांगता येत नाही. कदाचित एकटी शिवकन्या. कदाचित तीही नाही. केंद्र त्याच दिवशी बंद होईल, एवढं नक्की. आबासाहेब झेंड्यापाशी पहिल्या खुर्चीवर असतील.

दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंगळवारी संध्याकाळी मी मोटार पुरा एक तास चालवतो. वस्तीला सांगतो, जे भांडं असेल ते भरा. कढया, घागरी, लेकरांच्या बाटल्या, सगळं. आणि मग तू बोल." नंतर मोटारीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतील, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. येऊ नकोस. तू आलीस तर मी तुझ्याकडे बघत राहीन आणि माझा आवाज फुटणार नाही.

जीपा गुरुवारी पहाटे सहाला सुटणार आहेत. मी बोलणार बुधवारी, १७ सप्टेंबरला, सकाळी दहाच्या सभेत.

तुझी,
विशाखा